बाईमाणसाला शोभेलसं पिस्तूल

माझ्या भावाने मला पिस्तूल घेऊन दिलं, तेव्हा अख्ख्या गावाने त्याची पाठ थोपटली. चर्चमधल्या बायका मला गाठून म्हणायच्या, "नशीब काढलंस गं नोरीन, असा भाऊ कुणाला मिळतो!" मीही मान डोलवायचे. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आता मी त्या गावात राहत नाही, म्हणून जीभ जरा मोकळी सोडते आहे.

त्या उन्हाळ्यात मी लॉनीला सोडलं होतं. वीस वर्षांचा संसार. पहिली काही वर्षं बरी गेली, मग दारू आली, मग हात उचलणं आलं, आणि शेवटी एके दिवशी भांडता भांडता त्याने माझा उजवा हात गाडीच्या दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. अंगठा मोडला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. अंगठ्याशिवाय बाई तिथे काय करणार? दवाखान्यात मी पहिल्यांदा खरं बोलले, आणि एकदा खरं बोलल्यावर ते कोर्टापर्यंत जाऊन थांबलं.

कोर्टाबाहेरच्या पायऱ्यांवर लॉनी माझ्या शेजारून गेला आणि अगदी हळू म्हणाला, "माझ्या घराबाहेर मी तुला म्हातारी होऊ देणार नाही." दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. लॉनी ओरडून जे बोलतो ते सकाळपर्यंत विसरतो. हळू बोलतो ते करतो. हे मला माहीत होतं, आणि माझ्या भावालाही माहीत होतं.

न्यायाधीशबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. लॉनीने माझ्या घराच्या शंभर यार्डांच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि त्याच्याकडे एकही बंदूक राहता कामा नये. पहिल्या गोष्टीला कुणी काही बोललं नाही. दुसरीला मात्र कोर्टात कुजबुज झाली. मिसूरीच्या आमच्या डोंगरात पुरुषाच्या बंदुका काढून घेणं म्हणजे भर चौकात त्याची पँट उतरवणं. मग तोडगा निघाला. असले तोडगे आमच्याकडे चटकन निघतात. बंदुका एखाद्या भरवशाच्या माणसाकडे ठेवायच्या. आणि भरवशाचा माणूस कोण, तर माझा सख्खा थोरला भाऊ, गेलन.

गेलन आणि लॉनी शाळेपासूनचे शिकारीतले जोडीदार. माझं लग्नही त्या जोडीतूनच जमलेलं. लॉनीच्या सगळ्या बंदुका गेलनच्या लोखंडी कपाटात गेल्या, कपाटाची किल्ली गेलनच्या कमरेच्या जुडग्यात गेली, आणि सगळे खूश झाले. सगळ्यांत खूश मी. किल्ली माझ्या भावाच्या कमरेला आहे, एवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागायला लागली.

"तरीपण तुझ्याजवळ काहीतरी असायला हवं," गेलन म्हणाला. "बाईमाणसाला शोभेल असं. लहानसं. कुणाला दिसणार नाही असं."

शनिवारी सकाळी तो मला हॉइटच्या दुकानात घेऊन गेला. हॉइट माझ्या वर्गातला. तेव्हा गणितात माझं बघून लिहायचा, आता बंदुका विकतो. त्याच्या दुकानात काउंटरच्या टोकाला कॉफीची किटली असते, आणि शनिवारी तिच्याभोवती गावातली रिकामटेकडी माणसं कोंडाळं करून बसलेली असतात. त्यांच्यातला एकजण विकत कधीच काही घेत नाही, पण सल्ला सगळ्यांना देतो.

"हिला काहीतरी नाजूक दाखव," गेलन म्हणाला. "हाताला जड नको."

हॉइटने मखमलीच्या तुकड्यावर पिस्तुलं मांडली. बांगड्या मांडाव्यात तशी. एक गुलाबी मुठीचं, एक आकाशी, एकावर तर नक्षीकाम.

"गुलाबी खूप जातं बघ," हॉइट म्हणाला. "बायकांना आवडतं."

"मला काय त्याला फ्रॉक शिवायचाय?" मी म्हटलं.

किटलीपाशी हशा पिकला. "अरे हॉइट, हिला पिस्तूल कशाला विकतोस?" एकजण म्हणाला. "हिची जीभच पुरे आहे. परवाना लागेल तिला."

मी ते गुलाबी उचललं. पत्त्यांच्या कॅटएवढं. वरचा भाग मागे ओढून सोडायचा, तेव्हा पहिली गोळी आत बसते. माझ्या अंगठ्याला ते जमेना. मोडलेलं हाड सांधलं होतं, पण जोर आला नव्हता. मी दात-ओठ खाऊन ओढत होते आणि चार पुरुष कॉफी पीत बघत होते.

"मनगटात जोर नाही," एकजण म्हणाला.

"बायकांना नसतोच," दुसरा म्हणाला.

अंगठा कशाने मोडला ते त्या दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकाच्याही तोंडून लॉनीचं नाव निघालं नाही. सगळे बोलत होते ते परक्या माणसाबद्दल. शहरातून आलेला एखादा नशेबाज, दुकानाच्या पार्किंगमध्ये अंगावर धावून आलेला एखादा चोर. "हल्लीचे दिवस असे आहेत," सगळे म्हणत होते. तो चोर आमच्या गावात अजून तरी आलेला नाही. पण सगळ्या गावाची तयारी त्याच्यासाठीच चालू असते.

आणि हॉइटच्या डोक्यामागे भिंतीवर शिकारीच्या फोटोंचा फळा होता. वर्षातला सगळ्यांत मोठा हरणाचा नर ज्याने मारला त्याचा फोटो मधोमध लावतात. मधोमध लॉनी होता. हरणाची शिंगं दोन्ही हातांत धरून हसत होता, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून माझा भाऊ हसत होता. मी पिस्तूल निवडत होते आणि तो वरून बघत होता. फोटो काढून ठेवावा, निदान तेवढ्या वेळापुरता तरी उलटा करावा, असं एकालाही सुचलं नाही.

हॉइट मनाने वाईट नाही. त्याने मखमल गुंडाळून ठेवली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का नोरीन? हे चिमुकलं प्रकरण विकायला बरं असतं. चालवायला नाही. जेवढं लहान आणि हलकं, तेवढं हातात उसळतं. एकदा मारलंस की दुसऱ्यांदा हात लावावासा वाटणार नाही."

मग त्याने खालच्या खणातून एक बऱ्यापैकी मोठं रिव्हॉल्व्हर काढलं. चक्रीचं, मागे ओढायची भानगड नाही. वजनदार. माझ्या हातात ते असं बसलं, जसा शाळेच्या स्वयंपाकघरातला मोठा डाव बसतो. "हे," मी लगेच म्हटलं.

"हे?" गेलनचा चेहरा पडला. "अगं, हे लपवशील कुठे?"

"लपवायचं कशाला? दिसू दे की."

"बाई कमरेला उघडं रिव्हॉल्व्हर लावून गावातून हिंडणार?"

"तू नाही हिंडत?"

"माझं वेगळं."

"कसं वेगळं?"

"नोरीन," गेलन दमात घेतल्यासारखा म्हणाला, "लोक काय म्हणतील? आधीच काय कमी बोलतायत? आणि लॉनीने ऐकलं तर तो उगाच चिडेल."

त्याचं नाव तेवढं एकदाच निघालं. त्याला राग येऊ नये म्हणून माझं हत्यार लहान हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी मूग गिळून गप्प बसले. पैसे भाऊ देत होता, आणि कपाटाची किल्लीही त्याच्याचकडे होती.

शेवटी दोघांनी मिळून माझ्यासाठी मधला मार्ग काढला. चक्रीचंच, पण आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, हलकं. मूठ काळी. गुलाबी नको एवढं तरी माझं ऐकलं.

"हॉइट, हे लागतं कुठवर?" मी विचारलं.

हॉइटने काउंटरवर बोट ठेवलं आणि मग किटलीकडे दाखवलं. "इथून तिथवर. हे खोलीतलं हत्यार आहे. समोरचा त्याच्यापेक्षा लांब असेल ना, तर गोळी घालत बसू नकोस. पळ."

"आणि तो लांबूनच काही करणार असेल तर?"

"पार्किंगमधला चोर लांबून काय करणार?" किटलीपाशी कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला.

त्यानंतर दर रविवारी चर्च सुटलं की गेलन मला त्याच्या कुरणात सराव करायला न्यायचा. गवताच्या भाऱ्यावर पत्र्याच्या ताटल्या लावायचा. पहिल्याच गोळीला माझ्या हाताला अशा झिणझिण्या आल्या की डोळ्यांत पाणी आलं. अंगठ्याच्या बुडाशी कातडं सोललं. पण मी सोडलं नाही. हळूहळू, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या अंतरावरची ताटली चुकायची बंद झाली. गेलन लहान मुलासारखा टाळ्या वाजवायचा. "आता कुणाची टाप आहे माझ्या बहिणीकडे बघायची!" म्हणायचा. त्याचं माझ्यावर प्रेम होतं. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल.

पिस्तूल मी बाळगायचे म्हणजे काय, तेही ऐका. शाळेत नेता येत नाही, कायदा आहे, आणि बरोबरच आहे. म्हणून दिवसभर ते गाडीत कुलपात. घरी आल्यावर कमरेला लावावं तर बायकांच्या पँटला धड पट्टा नाही, खिशात चार नाणी मावत नाहीत. शेवटी मी घरात अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवायला लागले, चमच्यांच्या शेजारी.

घरही गेलननेच बघून दिलेलं. सॅप म्हाताऱ्याचं भाड्याचं घर, गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. "निवांत आहे," गेलन म्हणाला होता. "कुणी यायचं तर रस्त्याने यावं लागेल, आणि रस्ता तुला दिसतो." भांडी घासायच्या जागेसमोर मोठी खिडकी होती. तिच्यातून वर चढत गेलेलं कुरण दिसायचं आणि कुरणाच्या वरच्या कडेला झाडांची रांग. मला ती खिडकी फार आवडायची. वीस वर्षं लॉनीच्या घरात भिंतीकडे तोंड करून भांडी घासली होती.

नोव्हेंबर आला. आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे नाताळापेक्षा मोठा सण. लग्नं त्या आठवड्यात ठरत नाहीत, मयताच्या प्रार्थनेलाही माणसं कमी येतात. शनिवारी उजाडताच चहूबाजूंनी धडाड्-धडाड् सुरू झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या आवाजात वाढलेली मी.

भांडी घासताना मी वर पाहिलं. पानं गळाली होती, त्यामुळे झाडांच्या रांगेत एक मचाण उघडं पडलं होतं, आणि मचाणावर नारिंगी ठिपका. नारिंगी जाकीट घातलेला कुणीतरी शिकारी. सॅप म्हाताऱ्याचा नातू असेल, मला वाटलं. आमच्याकडे रस्त्यात, शेतात, कुणीही दिसलं तरी हात करतात. मी ओला हात वर केला. त्या ठिपक्यानेही, थोडं थांबून, हात वर केला. मला बरं वाटलं. बिचारा थंडीत बसलाय, असं मनात आलं, आणि मी पुन्हा भांड्यांकडे वळले.

रविवारी चर्चनंतर गेलन आला. मी चुलीवर बीन्स ठेवले होते, मक्याचा ब्रेड ओव्हनमध्ये होता. तो खिडकीसमोरच्या खुर्चीत बसला, आणि टेबलावर पांढऱ्या कागदात बांधलेलं एक पुडकं ठेवलं.

"हरणाच्या पाठीचं मांस आहे," तो म्हणाला. "एकदम कोवळं. लोण्यावर नुसतं परत."

"तू मारलंस? काल बोलला नाहीस ते."

"मी नाही." तो कॉफीवर फुंकर मारत राहिला. "लॉनीने पाठवलंय. नोरीनला पहिला तुकडा दे म्हणाला. बघ, माणूस बदलतोय. मी म्हणत होतो ना?"

माझे हात ओले होते. मी ते अ‍ॅप्रनला पुसले, मग पुन्हा पुसले.

"कशाने मारलं?"

"आं?"

"हरीण, गेलन. लॉनीने कशाने मारलं? दगडाने?"

त्याने कप खाली ठेवला. माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण सगळे सांगतात. "अगं, सीझनपुरती दिलीय फक्त. एकच. मंगळवारनंतर तो आणून देणार आहे, शब्द दिलाय त्याने."

"कुठली?"

"दुर्बीण बसवलेली रायफल." मग तो घाईघाईने बोलायला लागला. "नोरीन, तू बघितलं नाहीस त्याला. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला तो. वर्षातून एकदाच येतो हा दिवस. लहानपणापासून एक पहिला दिवस चुकवला नाही त्याने. माणसाचं सगळं काढून घेतल्यावर..."

"मीही रडले होते तुझ्या स्वयंपाकघरात. अंगठा मोडला तेव्हा."

"मग तुझ्यासाठी केलं नाही का? पिस्तूल कुणी घेऊन दिलं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला खरंच कळत नव्हतं. डोळ्यांत चेष्टा नव्हती, कपट नव्हतं. दोघांनाही आपण सारखंच वागवलं, बहिणीला एक आणि मित्राला एक, असा त्याचा हिशेब होता.

"कुठल्या मचाणावरून मारलं त्याने?"

"तेच आमचं जुनं. सॅपच्या कुरणावरचं. आम्हीच नाही का बांधलं, हे घर रिकामं होतं तेव्हा..." आणि तो मध्येच थांबला.

ओव्हनमध्ये ब्रेड करपायला लागला होता. कुणी उठलं नाही.

"मी काल त्याला हात केला," मी म्हणाले. "त्याने मला हात केला, गेलन. दुर्बिणीतून बघून."

"शंभर यार्डांच्या बाहेर आहे ते," गेलन पुटपुटला. "कितीतरी बाहेर. कायद्याने त्याने काही..."

मी अ‍ॅप्रनच्या खिशातून ते पिस्तूल काढलं. चक्री उघडली, पाची गोळ्या काढल्या आणि सगळं त्या मांसाच्या पुडक्याशेजारी ठेवलं.

"हे कुठवर लागतं? हॉइट काय म्हणाला होता?"

त्याने कप पुन्हा उचलला.

"किटलीपर्यंत. आणि ती दुर्बिणीची कुठवर लागते?"

"लॉनीच्या हातात असली तर तीनशे यार्ड तर सहज..." त्याच्या आवाजात मित्राचा अभिमान आलाच, आणि त्याचं त्यालाच ते ऐकू गेलं. त्याने मान खाली घातली.

"हे घेऊन जा," मी म्हटलं. "मला पिस्तूल कधी नकोच होतं. मला तुझ्या कपाटाची किल्ली हवी होती. आत्ता उठ, त्याच्याकडून ती रायफल घे, आणि किल्ली मला दे."

"किल्ली कशी देणार? माझ्याही बंदुका आहेत त्यात."

"मग रायफल तरी आण."

"आत्ता? सीझनच्या मध्यात? त्याच्याकडे अजून मादी मारायचा परवाना आहे, नोरीन. काय सांगू त्याला? बहिणीचा विश्वास नाही म्हणून? चार माणसांत त्याची काय राहील?"

मला ओरडायचं होतं. वीस वर्षांचं सगळं एकदम ओरडायचं होतं. पण ज्याला मी लहानपणापासून ओळखते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला फक्त अवघडलेपण दिसत होतं, भर जेवणात कुणी नको ते बोलल्यावर पाहुण्याच्या चेहऱ्यावर येतं ते. माझा जीव आणि लॉनीची चार माणसांतली पत तो तोलत होता, आणि त्याला ते जड जात होतं. मला त्याचा राग आला नाही. किळस आली.

"मंगळवारी मी स्वतः जाऊन घेईन," तो म्हणाला. "देवाशपथ. दोनच दिवस." मग जरा वेळाने, समजुतीच्या सुरात, "मांस तरी ठेवतेस ना? तो विचारेल मला, नोरीनला आवडलं का म्हणून."

"विचारायचं कशाला?" मी म्हटलं. "खिडकीतून दिसेलच की त्याला."

गेलनने मान वळवली. वर कुरण, कुरणाच्या कडेला झाडं, आणि झाडांत तो नारिंगी ठिपका. तो बराच वेळ बघत राहिला. मग उठला, आपली खुर्ची खिडकीसमोरून उचलली, भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवली आणि तिच्यात बसला.

मी भांडी घासायच्या जागी उभी होते, खिडकीच्या मधोमध.